“लोखंड थंडच रायते ना सर!” : उष्णता आणि तापमान शिकवायच्या आधी पोरांच्या डोक्यात काय आहे ते बघा

उष्णता ही ऊर्जा आहे आणि तापमान म्हणजे वस्तू किती गरम किंवा थंड ते, असं फळ्यावर लिहून दिलं की पोट्टे संध्याकाळपर्यंत पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात, आणि घरी गेल्यावर तेच पोरगं म्हणते की गोधडी गरम असते म्हणून अंगावर घ्यायची. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी भांडतही नाहीत. त्यांना भांडायला लावायचं असेल तर व्याख्येने भागत नाही, पोराच्या हाताने आणि थर्मामीटरने ते व्हावं लागते.

आणि माझं म्हणणं असं की या धड्यासाठी विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेसारखी प्रयोगशाळा मिळणं कठीण. कातडीचं तापमान असते साधारण 33 अंश. थंड मुलखात वर्गातल्या वस्तू वर्षभर त्याच्याखालीच राहतात म्हणून तिथल्या पोराला लोखंड कायमच थंड लागते. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी वर्गात 15 च्या आसपास आणि एप्रिल संपता संपता टिनाच्या खोलीत दुपारी 40 च्या वर, म्हणजे एकाच वर्षात आपण कातडीच्या तापमानाच्या खालीही असतो आणि वरही. याचा फायदा घ्यायचा असेल तर हा धडा एका आठवड्यात उरकू नका, अर्धा हिवाळ्यात घ्या आणि अर्धा सकाळची शाळा सुरू झाल्यावर. खालच्या पायऱ्या पाचवी ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पोरं काय धरून बसलेली असतात

गाव कोणतंही असो, साधारण याच गोष्टी निघतात. थंडी ही एक वस्तू आहे, ती बर्फातून, माठातून, कूलरमधून बाहेर येते आणि हातात शिरते. लोखंड जन्मापासून थंड, लाकूड आणि कापूस जन्मापासून गरम. मोठा बर्फ लहान बर्फापेक्षा जास्त थंड. जाळ वाढवला की उकळतं पाणी आणखी गरम होते. आणि तापमान म्हणजे आत किती उष्णता भरली आहे त्याचं माप.

यात पोरांना वेड्यात काढण्यासारखं काही नाही, कारण थंडी वाहते का हा प्रश्न सतराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या विद्वानांनीही बर्फाच्या ढिगासमोर आरसा ठेवून तपासायचा प्रयत्न केला होता, आणि उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे असं अठराव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. म्युनिकमध्ये तोफा कोरताना इतकी उष्णता सतत निघते कुठून हा प्रश्न रम्फोर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने 1798 मध्ये मांडला, तेव्हा कुठे त्या द्रवाच्या कल्पनेला धक्के बसायला लागले. मग सहावीतल्या पोराने एका तासात ती सोडावी अशी अपेक्षा कशाला?

अजून एक भानगड आपल्याकडे जास्त आहे. आंबा गरम पडतो, पपई गरम, दही थंड, तोंड आलं म्हणजे उष्णता झाली, हे पोरं घरी रोज ऐकतात आणि धड्यात हमखास आणतात. त्यावर वाद घालू नका, सावलीत ठेवलेला आंबा आणि काकडी दोन्हींत थर्मामीटर खुपसून दाखवा, आकडा सारखाच येतो, आणि सांगा की आजीचं बोलणं शरीराला काय होते त्याबद्दल आहे, आपण मोजतो ती गोष्ट वेगळी. एवढं पुरे, पुढे चला.

सामान

काचेचे दोन थर्मामीटर लागतील, उणे 10 ते 110 अंशाचे, लाल द्रवाचे घ्या, पाऱ्याचे नको कारण फुटले की पारा वेचत बसणं हे पोरांचं काम नाही. दोन्ही आधी एकाच पाण्यात बुडवून बघा, एक-दीड अंशाचा फरक निघाला तर त्यावर चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर पुढे सगळा वर्ग त्या दीड अंशावरच भांडत बसते. तापाचा डॉक्टरी थर्मामीटर गरम पाण्यात चुकूनही घालायचा नाही, तो 42 पर्यंतचाच असतो, फुटतो.

कोरोनापासून बऱ्याच शाळांच्या कपाटात कपाळावर धरायची ती गन पडून आहे. ती वापरता येते पण दोन अटी आहेत. तिला अंगाच्या मोडवरून वस्तूच्या मोडवर आणायचं, आणि चकचकीत स्टीलवर किंवा नव्या टिनावर थेट धरायची नाही, तिथे ती साफ खोटं सांगते कारण चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूचीच परत फेकतो. त्या जागी कागदी टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, मग टेपवर धरा.

बाकी सगळं गावात मिळते. खिळे, आरामशीनचा भुसा, कापूस, एक गोधडी, ॲल्युमिनियमचं झाकण, लाकडी पोळपाट, माठ, आणि बर्फ पानठेल्यावरून नाहीतर ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याच्याकडून.

पायरी 1 : विचारा आणि गप्प बसा

सगळ्यात अवघड पायरी ही आहे कारण मास्तरला गप्प बसवत नाही. चार प्रश्न विचारा. रात्रभर याच खोलीत असलेलं लोखंड आणि लाकूड, कोणाचं तापमान कमी? रिकामी गोधडी गुंडाळून आत थर्मामीटर ठेवला तर आकडा वाढेल का? एक बर्फ गोधडीत आणि एक ताटलीत, कोणता आधी वितळेल? 30 अंशाच्या एका ग्लासात 30 अंशाचा दुसरा ग्लास ओतला तर किती?

प्रत्येकाने आधी वहीत उत्तर आणि “काऊन?” म्हणजे का, हे लिहायचं, मग हात वर. क्रम उलटा केला की हुशार पोराकडे बघून सगळे हात वर करतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. उत्तरं फळ्याच्या कोपऱ्यात आकड्यासकट लिहा, किती जण या बाजूला किती त्या बाजूला, आणि तो कोपरा पुसू नका. कोणी बरोबर सांगितलं तरी शाबासकी द्यायची नाही, चेहराही हलू द्यायचा नाही, पोट्टे गुरुजीचं तोंड पुस्तकापेक्षा बरं वाचतात. पोरं बोलतील तसं लिहून घ्या, “गोधडीत गरमी रायते” असं म्हटलं तर तसंच, त्याचं “गोधडीमध्ये उष्णता असते” करू नका.

पायरी 2 : खिळे आणि भुसा

लोखंडी बेंचला थर्मामीटर टेकवून नीट आकडा येत नाही, म्हणून ही युक्ती. एका ग्लासात खिळे भरा, दुसऱ्यात कोरडा भुसा, दोन्ही आदल्या दिवशी शाळा सुटताना एकाच पेटीत बंद करून ठेवा, थर्मामीटरही त्यातच. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरा. सकाळी पहिल्या तासाला पेटी उघडली की आधी पोरांना बोटं घालू द्या, खिळे गारठलेले लागतील आणि भुसा कोमट. मग दोन्हींत हळूच थर्मामीटर खुपसा, त्याचा खालचा फुगा पूर्ण आत गेला पाहिजे, तीन-चार मिनिटं थांबा. आकडा सारखाच.

इथे पहिली प्रतिक्रिया हमखास येते की थर्मामीटर खराब आहे. छान. दोन्हींची अदलाबदल करा, तरी तेच. मग एखादं पोरगं म्हणेल की हातच फसवते, तेव्हा तीन गंजांचा, म्हणजे भांड्यांचा, जुना प्रयोग करा. एका गंजात सोसवेल एवढं ऊन पाणी, एकात थंड, मधल्यात कोमट, दोन हात दोन टोकांच्या गंजात मिनिटभर आणि मग दोन्ही मधल्यात. एकच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्याला गरम. इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही 1690 मध्ये दोन हातांची हीच गंमत लिहून ठेवली आहे.

आता सांगायचं, पण थोडक्यात. हात तापमान मोजत नाही, हातातून उष्णता किती झपाट्याने बाहेर जाते किंवा आत येते ते हाताला कळते. हात 33 चा, खिळे 15 चे आणि भुसाही 15 चा, पण लोखंड उष्णता झरझर ओढून पुढे पाठवते, भुशात अडकलेली हवा ती जागच्या जागी ठेवते. म्हणून “लोखंड थंड” याच्या जागी “लोखंड झपाट्याने घेते” हे वाक्य पोरांकडून म्हणवून घ्या. झपाट्याने देते सुद्धा, पण ते आत्ता सांगू नका, ते एप्रिलसाठी ठेवा.

पायरी 3 : गोधडी

या पायरीला दोन तास द्या, हिच्यातच सगळं आहे.

पहिल्यांदा रिकाम्या गोधडीत थर्मामीटर गुंडाळा आणि बाजूला दुसरा उघडा ठेवा. अर्ध्या तासाने दोन्ही सारखे. पोरं म्हणतील गोधडी अजून तापली नाही, तर शाळा सुटेपर्यंत राहू द्या. मग त्याच गोधडीत एका पोराला बसवा आणि थर्मामीटर त्याच्या काखेजवळ, आता आकडा चढतो. मग गरमी कोणाची, गोधडीची की बंड्याची? हा प्रश्न टाकून तसाच सोडा.

मग बर्फ. फ्रीजच्या एकाच ट्रेमधले दोन सारखे खडे, दोन्ही पॉलिथिनच्या पिशवीत, एक ताटलीत उघडा, दुसरा गोधडीत किंवा कापसात गच्च. जास्तीत जास्त पोरं सांगतात की गोधडीतला आधी जाईल कारण तिथे गरमी आहे. पाऊण तासाने उघडलं की ताटलीतला खडा पाणी झालेला नाहीतर नावापुरता उरलेला, आणि गोधडीतला बराचसा शाबूत. वर्गात थोडा वेळ शांतता होते, ती तोडू नका. त्या शांततेतच कोणीतरी आठवते की बर्फगोळेवाला लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळून आणतो. आणि कोणी म्हणते, उन्हात बाहेर निघताना आई तोंडाला दुपट्टा बांधते. बस, इथून गाडी आपोआप चालते. दुपट्टा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, गोधडी आतली बाहेर जाऊ देत नाही, पोतं बाहेरची बर्फापर्यंत पोचू देत नाही. कापड तेच, काम तेच, बाजू बदलते.

या जागी एक हुशार पोट्टं नक्की विचारणार की मग शेणखताच्या ढिगातून सकाळी वाफ का निघते, तिथे तर कोणी झोपलेलं नसते. हा प्रश्न आला तर तुमचा तास यशस्वी समजा. ढिगात सूक्ष्म जीव कुजवण्याचं काम करतात आणि त्यातून खरोखर उष्णता तयार होते, ओल्या तणसाच्या गंजीतही तेच होते, म्हणजे काही ढीग स्वतः तापतात आणि गोधडी तापत नाही. फरक ओळखायचा कसा? थर्मामीटर घाला. पोरांना सकाळी खताच्या खड्ड्यावर घेऊन जा, आकडा बघून तेही चाट पडतात.

त्याच दिवशी बर्फ उरला असेल तर एक खडा ॲल्युमिनियमच्या झाकणावर आणि एक लाकडी पोळपाटावर ठेवा. ठेवायच्या आधी दोन्हींना हात लावून घ्या आणि अंदाज लिहा. झाकण थंड लागते म्हणून तिथला बर्फ टिकेल असं बहुतेक जण म्हणतात, आणि झाकणावरचा बर्फ डोळ्यासमोर पळायला लागतो. स्टीलची ताटली घेऊ नका, स्टील ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता फार हळू नेते, फरक तेवढा उठून दिसत नाही.

एक धोका सांगून ठेवतो. यानंतर पोरं “धातू थंडीचा सुवाहक आहे” असं लिहायला लागतात, म्हणजे नवा शब्द जुन्याच कल्पनेला चिकटवला. सुवाहक-दुर्वाहक हे शब्द आता कुठे द्या, आणि प्रत्येक वेळी विचारा, उष्णता कुठून निघाली आणि कुठे गेली? बाण काढायला लावा. बाण नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे. थंडीचा बाण काढला की म्हणा, थंडी न म्हणता हेच सांगून दाखव.

पायरी 4 : बेरीज

30 मध्ये 30 ओतलं की 60 म्हणणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात, सातवी-आठवीतसुद्धा. इस्रायलमध्ये स्टाव्ही आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी 1980 मध्ये हेच मांडलं होतं, की थंड पाण्यात तसंच थंड पाणी मिसळलं तर काय असं नुसतं शब्दांत विचारलं की पोरं बरोबर सांगतात, पण आकडे दिले की बेरीज करून मोकळी होतात. म्हणून दोन्ही प्रश्न पाठोपाठ विचारा आणि त्याच पोराला त्याची दोन उत्तरं शेजारी दाखवा. मग ओतून मोजा. त्यानंतर 60 चा एक ग्लास आणि 20 चा एक ग्लास, अंदाज 40, येतील 37-38, कारण ग्लासानेही घेतली आणि हवेतही गेली. हे आधीच सांगून ठेवा नाहीतर पोरं समजतात प्रयोग फसला.

आता उष्णता आणि तापमान वेगळं करायची वेळ. एका भांड्यात 70 अंशाचं पाणी 100 मिली, दुसऱ्यात 40 अंशाचं अर्धा लिटर. कोण जास्त बर्फ वितळवेल? सगळे 70 वाल्याकडे जातात. दोन्हींत एक एक खडा टाकत राहा, वितळेनासा होईपर्यंत. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होताना एक कॅलरी उष्णता देते आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, म्हणून पहिल्याचा हिशोब साधारण 87 ग्रॅमवर संपतो आणि दुसऱ्याचा 250 ग्रॅमवर, म्हणजे वीस ग्रॅमचे खडे धरले तर तिकडे चारेक आणि इकडे बारा. तापमान कमी, पण द्यायला उष्णता जास्त. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की दिवाळीच्या फुलझडीचं कोडंही सुटते, तिच्या ठिणग्या हजार अंशाच्या वर असून हातावर पडल्या तरी भाजत नाही कारण ठिणगी इवलीशी, तिच्याकडे द्यायला काही नाही, आणि फुलझडीची तार मात्र चांगलीच भाजते. गरम पाणी तुम्हीच ओता, पोरांच्या हाती देऊ नका.

पायरी 5 : उकळणं

ही पायरी पोषण आहाराच्या गॅसवर होते. पाण्यात थर्मामीटर लटकवा, तळाला टेकू देऊ नका, दर मिनिटाला आकडा. चढत चढत 99 च्या आसपास येऊन थांबतो, मग जाळ मोठा करा, पाणी खदखदा उकळेल, आकडा हलणार नाही. 100 का नाही असं पोरं विचारतील. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आहे, एवढ्या उंचीवर पाणी एक अंश आधीच उकळते, आणि चिखलदऱ्याला तर 96-97 वरच. मग वाढलेला जाळ गेला कुठे? पाण्याची वाफ करण्यात, एका ग्रॅमला 540 कॅलरी. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने 1760 च्या सुमारास हीच अप्रकट उष्णता ओळखली आणि तापमान वेगळं, उष्णता वेगळी हे ठामपणे मांडलं. स्वयंपाकवाल्या मावशींना विचारा, खिचडीला उकळी आली की त्या गॅस बारीक करतात.

पायरी 6 : माठ, कूलर आणि ओलं फडकं

“कूलर थंडी फेकते” याचं उत्तर मार्च-एप्रिलमध्येच द्या. दोन थर्मामीटर सावलीत, एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. कोरड्या उन्हाळ्यात आकडा 15 ते 20 अंशांनी खाली येतो, पोरं ओरडतात. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, ती फुग्यातूनच घेते. वहीत आकडे लिहून ठेवा आणि शाळा उघडल्यावर जुलैच्या झडीत हाच प्रयोग परत करा, फरक दोन-तीन अंशांवर येतो. मग पावसाळ्यात कूलर फक्त चिपचिप का करतो आणि माठाचं पाणी तेवढं गार का लागत नाही, हे सांगायची गरजच उरत नाही.

पायरी 7 : लोखंड पलटते

होळीच्या आसपास दुपारी खोलीतलं तापमान 33-34 झालं की खिळ्यांचा आणि भुशाचा ग्लास परत काढा. पोरांना डोळे मिटून ओळखायला सांगा, खिळे थंड लागत नाहीत, गरमही नाहीत. हिवाळ्यातलं “लोखंड थंडच” हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्याच्याखाली तारीख.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची, दुपारच्या आधीच सुटते, तेव्हा खोली अजून पुरेशी तापलेली नसते. म्हणून हे घरचं काम द्या. दुपारी तीनच्या सुमारास, घराच्या आत सावलीत असलेली लोखंडी पेटी आणि लाकडी वस्तू, पाट असो की दाराची चौकट, दोन्हींना हात लावून लिहायचं, कोण गरम? घरावर टिन आहे, कवेलू (कौलं) आहे की स्लॅब तेही लिहायचं. उन्हातल्या टिनाला, सायकलला, पंपाच्या पाइपला हात लावायचा नाही हे दोनदा बजावा, ते खरोखर भाजते आणि उन्हात प्रत्येक वस्तू वेगळी तापते, त्यामुळे आपला प्रश्नच बिघडतो.

दुसऱ्या दिवशी टिनाच्या घरातली पोरं सांगतील की पेटी लाकडापेक्षा गरम लागली, मातीच्या भिंतीच्या कवेलू घरातली सांगतील की काही फरक नाही, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडायला लागतील. लगेच निवाडा करू नका. दोन्ही घरांत किती तापमान असेल असं विचारा, बाण काढायला लावा. 42 च्या खोलीत लोखंड 42 चं आणि हात 33 चा, बाण आता हाताकडे, आणि लोखंड जसं झपाट्याने घेत होतं तसं झपाट्याने देते. लोखंड जन्मापासून थंड असतं तर पलटलं कसं?

तपासायचं कसं

व्याख्या विचारू नका, त्या आधीपासूनच पाठ आहेत. न शिकवलेली गोष्ट विचारा. चहा स्टीलच्या ग्लासात हाताला चटके देतो आणि मातीच्या कुल्हडात नाही, तर कुल्हडातला चहा थंड असतो का? थर्मासमध्ये ताक गार राहते आणि चहा गरम राहतो, थर्मासला कसं कळते? अंगावर ओला टॉवेल घेऊन मे महिन्यात झोपलं तर काय आणि जुलैत काय? उत्तर चूक की बरोबर यापेक्षा पोरगं “थंडी आत गेली” म्हणते की “उष्णता बाहेर गेली” म्हणते तिकडे कान ठेवा. पायरी 1 ची वही परत द्या, स्वतःच्याच उत्तराखाली लाल पेनाने नवीन उत्तर लिहायला लावा, जुनं खोडू देऊ नका.

सगळी पोरं पलटणार नाहीत. काही जण बाण बरोबर काढतील आणि बोलताना परत “थंडी घुसते” म्हणतील, घरी सगळे तसंच बोलतात म्हणून, तेवढ्यावरून मार्क कापू नका. एप्रिलचे घरोघरचे आकडे एका मोठ्या कागदावर उतरवून कपाटात ठेवा, टिन, कवेलू आणि स्लॅब असे तीन रकाने करून. जूनच्या शेवटी शाळा उघडली की पुढच्या वर्गाला तोच कागद दाखवून पहिला प्रश्न विचारता येतो.